संख्याशास्त्र शिकायचंय? नाशिकच्या आकड्यांपासून सुरुवात करा

बी.एस्सी.ची मुलं, नर्सिंगचा प्रबंध लिहिणाऱ्या मुली, द्राक्षबागेत काही नवीन करून पाहणारे तरुण, अंबड-सातपूरला क्वालिटी विभागात नुकतेच लागलेले इंजिनिअर. या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यावर कुठली टेस्ट लावू?"

मी या विषयाकडे कारखान्यातून आलो. वर्गात शिकलेली सूत्रं मशीनशेजारी उभं राहून पुन्हा शिकावी लागली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की टेस्टचा, म्हणजे संख्याशास्त्रीय चाचणीचा, प्रश्न फार नंतरचा आहे. आधी विचारायचं: हा आकडा आला कुठून, कोणी मोजला, आणि मोजायचं काय राहून गेलं? याचं उत्तर नसेल तर पुढचं गणित कितीही बरोबर असलं तरी निष्कर्ष खरा धरता येत नाही. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यामुळे पाठ्यपुस्तकासारखा नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक वही. आकडे कसे, कधी, कोणाकडून मिळाले हे लिहायला. ही वही टाळू नका.
- स्प्रेडशीट: एक्सेल, गुगल शीट्स किंवा फुकट मिळणारं लिबरऑफिस कॅल्क. "आर" हे सॉफ्टवेअरही मोफत आहे, पण त्याची घाई नको.
- दहावीपर्यंतचं गणित: टक्केवारी, वर्गमूळ, आलेख वाचणं. कॅल्क्युलस लागतं ते सिद्धता शिकताना.
- सरावाचे आकडे: बाजार समित्यांचे रोजचे दर आणि आवक, २०११ची जनगणना, आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन".
- एखाद्या सरकारी कार्यालयाचे आकडे जाहीर नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "सर्व माहिती द्यावी" असं मोघम न लिहिता कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि कोणते रकाने हवेत ते लिहा.
- माणसांना प्रश्न विचारणार असाल तर त्यांचं संमतीपत्र. रुग्णांवरचा अभ्यास असेल तर नैतिक समितीची मंजुरी, आणि तीही काम सुरू करण्यापूर्वी. आकडे गोळा झाल्यावर मंजुरी मागायला गेलेल्यांचं वर्ष वाया जातं.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"कांद्याच्या भावाचा अभ्यास" हा प्रश्न झाला नाही. "लासलगावला उन्हाळ कांद्याची आवक वाढते त्या आठवड्यात सर्वसाधारण दर किती पडतो?" हा झाला. कोण, कुठे, कधी आणि काय, या चारही गोष्टी वाक्यात आल्या पाहिजेत. त्या आल्या की निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

२. मोजमाप कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असं, सांगतात. मोजमापं दोन्ही खरीच आहेत आणि दोन्ही उपयोगाची आहेत. पण मारुतीच्या अंगावरच्या खुणांना फक्त क्रम आहे. गुडघा ते कंबर आणि कंबर ते छाती यात पाणी सारखंच वाढलं असं म्हणता येत नाही. क्युसेकची बेरीज होते, सरासरी निघते, दुप्पट-तिप्पट म्हणता येतं. क्रमाच्या मोजमापाला मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) चालतो, सरासरी डळमळीत ठरते. "अतिशय समाधानी ते अतिशय असमाधानी" अशा प्रश्नावलीला १ ते ५ गुण देऊन ३.७४ असं उत्तर छापताना हे आठवा.

तिसरी जात फक्त नावांची: वॉर्ड, तालुका, पिनकोड. ४२२००१ हा दिसायला आकडा आहे, आणि स्प्रेडशीट त्याचीही सरासरी बिनतक्रार काढून देते.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे रिकामी जागा आणि शून्य. लिलाव बंद असलेल्या दिवशी भाव शून्य नसतो, तो नसतोच. ती चौकट रिकामी ठेवा. एकाने सवयीने शून्य भरलं की महिन्याची सरासरी कोसळते आणि कारण कोणालाच सापडत नाही.

३. नमुना कसा निवडला हे सांगता आलं पाहिजे

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६१ लाख. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. येवला-मालेगावकडे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. "जिल्ह्याचा सरासरी पाऊस" या आकड्यात इगतपुरीचा भातवालाही नाही आणि येवल्याचा मकावालाही नाही. जिथे असा फरक आहे तिथे आधी गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून निवड करायची. याला स्तरित नमुना म्हणतात.

चिठ्ठ्या का? आपल्या सोयीने निवडलेली माणसं एका बाजूची असतात म्हणून. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते बऱ्याच अंशी टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांचे होते, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही वेगळेच होते. चोवीस लाखांच्या संख्येने ती चूक झाकली गेली नाही. कॉलेज रोडच्या कॅफेत भरून घेतलेल्या किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेल्या फॉर्मचं तेच होतं.

चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यात मात्र आकाराचा हिशेब सोपा आहे. टक्केवारीच्या अंदाजात चुकीची कमाल मर्यादा ढोबळमानाने "१ भागिले नमुन्याचं वर्गमूळ" एवढी असते, १०० पैकी ९५ वेळा. १०० माणसांना विचारलं तर दहा टक्के इकडे-तिकडे, ४०० ना विचारलं तर पाच, १६०० ना विचारलं तर अडीच. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. आणि समष्टी, म्हणजे ज्यांच्यातून नमुना घेतला ते सगळे लोक, खूप मोठी असली की तिच्या आकाराने जवळजवळ काहीच बदलत नाही. नाशिक शहर घ्या नाहीतर अख्खा महाराष्ट्र, ४०० चा नमुना तितकाच बोलतो. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण हा सर्वेक्षणाचा कणा आहे.

या विषयाला आपल्याकडची मोठी परंपरा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि बंगालच्या ताग पिकावर मोठी नमुना सर्वेक्षणं केली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पिकाच्या उत्पादनासाठी यादृच्छिक कापणीची पद्धत बसवली: शेतं चिठ्ठीने निवडायची, ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, तोलायचा. आज पीक विम्यासाठी गावात होणारा पीक कापणी प्रयोग त्याच वंशातला. नजर पैसेवारी (पिकाचा नजरेने केलेला अंदाज) आणि कापणी प्रयोग यांत फरक कशामुळे पडतो, हे तुमच्या गावातल्या जाणत्या शेतकऱ्याला विचारा. नमुना निवडीचा अर्धा अभ्यासक्रम त्या गप्पांत होतो.

४. आधी आलेख, मग सरासरी

समजा एका सकाळी सात ट्रॅक्टरचे क्विंटलचे दर असे लागले: ९००, ११००, १२००, १२५०, १३००, १३५० आणि २४०० रुपये. सरासरी येते १३५७. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला, येतो १२५०. सातपैकी सहा शेतकऱ्यांना सरासरीपेक्षा कमी मिळालं! आता वजन धरा: पहिले सहा ट्रॅक्टर २० क्विंटलचे आणि २४०० चा माल फक्त ५ क्विंटल. भारित सरासरी १२३२ वर येते. तिन्ही आकडे बरोबर आहेत. व्यापाऱ्याने त्या मालाला एकूण किती मोजले हे भारित सरासरी सांगते, मधल्या शेतकऱ्याचा भाव मध्यक सांगतो.

बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. बातमीच्या मथळ्यात बहुधा कमाल दर जातो. तुम्ही तो वापरू नका.

५. पसारा मोजा; खरं संख्याशास्त्र इथे सुरू होतं

सरासरी सारखी असूनही दोन मशीन सारखी नसतात. पसाऱ्यासाठी प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन काढतात. स्प्रेडशीटमध्ये त्याची दोन सूत्रं दिसतील: एकात नगांच्या संख्येने भागतात, दुसऱ्यात संख्येतून एक वजा करून. हातात नमुना असेल तर दुसरं वापरा. नमुन्याची सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली असते, त्यामुळे पसारा थोडा कमी दिसतो. एक वजा करणं ही त्याची भरपाई.

माझं कामच या भागातलं असल्याने इथे जरा थांबतो.

१९२४ मध्ये अमेरिकन अभियंते वॉल्टर शूहार्ट यांनी कंट्रोल चार्टची कल्पना मांडली. आज कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात तो भिंतीवर किंवा स्क्रीनवर असतो. समजा शाफ्टचा व्यास २५.०० मिलिमीटर आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ०.०५ अधिक-उणे. दर तासाला सलग पाच नग मोजा. एका आलेखावर त्यांची सरासरी, दुसऱ्यावर रेंज, म्हणजे सर्वात मोठा वजा सर्वात लहान. असे २०-२५ गट झाले की रेंजची सरासरी काढा. समजा ती ०.०२ आली, आणि सगळ्या गटांची मिळून सरासरी २५.०० आली. पाचच्या गटासाठी तक्त्यातला गुणक ०.५७७. म्हणजे सरासरीच्या मर्यादा २५.०० च्या अल्याड-पल्याड ०.०१२ च्या आत. रेंजची वरची मर्यादा २.११४ गुणिले ०.०२, म्हणजे ०.०४२.

आता एका तासाची सरासरी २५.०१५ आली. ड्रॉइंगप्रमाणे सगळे नग पास होऊ शकतात, रिजेक्शन शून्य. पण मशीनमध्ये काहीतरी बदललंय: टूल झिजलं असेल, मटेरियलची नवी बॅच आली असेल, शिफ्ट बदलली असेल. चार्ट हे माल खराब होण्यापूर्वी सांगतो, आणि त्याची सगळी किंमत यातच आहे. कंट्रोलच्या मर्यादा मशीनकडून येतात, टॉलरन्स ग्राहकाकडून येतो. चार्टवर टॉलरन्सच्या रेषा मारून त्यालाच कंट्रोल चार्ट म्हणणं हा मी सर्वात जास्त वेळा पाहिलेला गोंधळ आहे.

दुसरा सापळा याच्या उलटा. प्रत्येक नग मोजून, जेवढा चुकला तेवढा ऑफसेट (मशीनची सेटिंग) लगेच फिरवणारे ऑपरेटर मनापासून काम करत असतात. पण मशीन स्थिर असेल आणि फरक निव्वळ योगायोगाचे असतील, तर अशा प्रत्येक दुरुस्तीमुळे पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, कारण आधीच्या नगाचा योगायोग पुढच्या नगात मिसळतो. मर्यादेच्या आत असताना हात न लावणं, हे शिकवायला सर्वात अवघड जातं.

६. प्रयोग करायचा तर आधी मांडणी करा

द्राक्षबागेत नवीन फवारणी गोडीसाठी उपयोगी आहे का, हे बघायचंय. सहसा असं होतं: विहिरीकडच्या ओळींना नवीन औषध, बांधाकडच्या ओळींना जुनं, आणि शेवटी दोन्हीकडून शंभर-शंभर घड मोजायचे. रिफ्रॅक्टोमीटर (गोडी मोजायचं यंत्र) उत्तम, मोजणी उत्तम, आणि निष्कर्ष काहीच नाही. फरक औषधाचा की विहिरीकडच्या जमिनीचा, हे वेगळं करता येत नाही. शंभर घड मोजले तरी प्रयोगाची पुनरावृत्ती शंभर होत नाही. औषध दोनच तुकड्यांना दिलं गेलं, म्हणजे प्रत्येकी एकच. ही चूक प्रबंधांतही सर्रास सापडते.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात होते. त्यांनी मांडलेली तीन सूत्रं इथे लागू होतात. विहीर ते बांध असे सहा पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्याचे दोन भाग करा. कुठल्या भागाला कुठलं औषध हे नाणं उडवून ठरवा, आणि मध्ये एक-दोन ओळी मोकळ्या सोडा म्हणजे फवारा उडून शेजारी जाणार नाही. पट्टे म्हणजे गट, नाणं म्हणजे यादृच्छिकता, सहा म्हणजे पुनरावृत्ती. मोजणाऱ्याला कुठला भाग कुठल्या औषधाचा हे सांगू नका.

समजा प्रत्येक पट्ट्यात नव्या आणि जुन्या औषधातला ब्रिक्सचा, म्हणजे गोडीच्या मापाचा, फरक असा आला: ०.८, ०.३, १.१, उणे ०.२, ०.६, ०.४. सरासरी फरक ०.५. प्रमाण विचलन ०.४४७, त्याला सहाच्या वर्गमूळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी फरकाची अनिश्चितता, ०.१८३. नमुना लहान असल्याने टी-तक्ता लागतो. सहा फरकांसाठी त्यातला आकडा २.५७. गुणाकार ०.४७. म्हणजे खरा फरक ०.०३ ते ०.९७ च्या दरम्यान असावा, ९५ टक्के विश्वासाने.

हा टी-तक्ता डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्या १९०८ मधल्या, "स्टुडंट" या टोपणनावाने छापलेल्या निबंधातून आला. मोजके नमुने घेऊन निर्णय घ्यायचा प्रश्न त्यांच्याही समोर होता.

७. पी-व्हॅल्यू: एवढंच आणि याहून जास्त नाही

वरच्या फरकांची पी-व्हॅल्यू ०.०४ च्या आसपास येते. अर्थ असा: दोन्ही औषधं सारखीच असती, तरी केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता चार टक्के. "औषध निरुपयोगी असण्याची शक्यता चार टक्के" असा अर्थ होत नाही. आणि ०.०५ च्या खाली आलं म्हणून खर्च करावाच असंही नाही. खरा फरक ०.०३ ब्रिक्स असेल तर फवारणीचे पैसेही निघणार नाहीत, ०.९ असेल तर घ्यावी. म्हणून पी-व्हॅल्यूच्या शेजारी विश्वास अंतराल (वरचं ०.०३ ते ०.९७ सारखं) छापा, नेहमी.

एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी तपासल्या, कशातच खरा परिणाम नसला, तरी त्यातली किमान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. किती टेस्ट केल्या हे लपवू नका.

८. रुग्णालयातले आकडे वाचताना

समजा एखादा आजार १०० पैकी एकाला आहे. तपासणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. दहा हजार लोकांत रुग्ण १००, पकडले गेले ९०. निरोगी ९,९००, चुकून पॉझिटिव्ह ४९५. एकूण ५८५ पॉझिटिव्हपैकी खरे रुग्ण ९०, म्हणजे साधारण १५ टक्के. घाबरलेल्या माणसाला हा हिशेब समजावता येणं ही मोठी सेवा आहे. प्रबंध लिहिणाऱ्यांनी टक्केवारी काढताना भाजक कोणता, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहावं.

९. सहसंबंध आणि अंदाज

आवक वाढली की भाव पडतो. पण लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच आलेखात टाकला तर हे चित्र पुसट होतं, कधी उलटंही दिसतं. दोघांचे हंगाम वेगळे, टिकाऊपणा वेगळा. गट पाडून बघा. आणि मागच्या भावांवरून पुढचा अंदाज करताना धोरण विसरू नका: ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी. त्याआधीच्या आकड्यांत याची चाहूलही नव्हती.

१०. सिद्धांत केव्हा आणि कुठून

वरच्या गोष्टी हाताने करून झाल्या की मग संभाव्यता, द्विपद, पॉयसन आणि नॉर्मल वितरणं, मध्यवर्ती सीमा प्रमेय, आकलन, परीक्षण, प्रतिगमन, या क्रमाने जा. तेव्हा भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये, पंचविशीच्या आत, काय सिद्ध केलं हे कळतं: निःपक्ष (सरासरीने खऱ्या आकड्यावरच येणाऱ्या) अंदाजाचा पसारा किती कमी होऊ शकतो याला एक तळाची मर्यादा आहे, तुम्ही कितीही हुशार सूत्र आणलंत तरी. मला हा या विषयातला सर्वात सुंदर निकाल वाटतो.

वाचायला शांत जागा हवी असेल तर सार्वजनिक वाचनालय आहे. केंद्र सरकारच्या "स्वयम" या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत ऐकता येतात. परीक्षा आणि प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क.

पहिल्या महिन्यासाठी एवढंच करा. लासलगावच्या एका हंगामाचे रोजचे तिन्ही दर आणि आवक उतरवून घ्या, बंद दिवस रिकामे ठेवा, लाल आणि उन्हाळ वेगळे करा, आलेख काढा, आणि प्रत्येक आलेखाखाली तीन ओळी लिहा: आकडे कुठून घेतले, किती दिवसांचे आहेत, कुठले दिवस नाहीत. टेस्टचं दुसऱ्या महिन्यात बघू.